साठी ओलांडल्यावर बेळगाव–आंबोली–बेळगाव अशी मदतनिधीची सायकल फेरी जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ६१, राहणार बेळगाव, गरीब रुग्णांच्या डायलिसिससाठी निधी गोळा करणारी दोन दिवसांची सायकल फेरी आहे, संकेश्वर-गडहिंग्लज-आजरामार्गे आंबोली, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी शिनोळीवरून परत. एकूण १९० किलोमीटरच्या आसपास. मुलगा नको म्हणतोय. जावं का?

जावं. पण लोकांकडून पैसे कसे घ्यायचे ते आधी ठरवा, मग पायांचं बघू. उलटं वाटेल, म्हणून माझीच फजिती सांगतो.

मी ६७ वर्षांचा. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पॅटर्न शॉपला चौतीस वर्षं काढली, त्यातली पहिली दहा-बारा वर्षं येळ्ळूरहून रोज सायकलनंच जाणं-येणं. मग स्कूटर आली, मागोमाग पोट आलं. निवृत्तीनंतर पुन्हा सायकल घेतली, ती फौंड्रीतल्या माझ्या जोडीदारामुळे. त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास यंत्राला जोडलेला. त्याच्याजवळ बसून बसून माझेच पाय आखडायला लागले होते. अशीच एक फेरी निघणार असं कळलं आणि मी नाव दिलं.

मग देणगीसाठी फिरलो. तोंड उघडायला जड जातं हो. आयुष्यभर कुणापुढे हात पसरला नाही आणि म्हातारपणी गल्लीत दारोदार! म्हणून सोपी वाट काढली, किलोमीटरमागे बोली. शेजाऱ्यानं पाच रुपये, पुतण्यानं दहा, फौंड्रीतल्या पोरांनी मिळून वीस, असं करत साठ रुपये किलोमीटर जमले. मागायची लाजही गेली, कारण आता मी भीक मागत नव्हतो, कमावत होतो. फार हुशारी केली असं तेव्हा वाटलं.

पहिल्या दिवशी आजऱ्याला पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजलेला. डाव्या पोटरीत गोळे येत होते, डोकं ठणकत होतं. मागून येणाऱ्या गाडीतला मुलगा म्हणाला, "काका, बसा की आता. पुढं सावली हाय, पण गावं कमी." मी मनातल्या मनात हिशोब करत होतो. आंबोली अजून तेहतीस किलोमीटर, गुणिले साठ. इथं थांबलो तर जोडीदाराच्या वाट्याचे जवळपास दोन हजार रुपये मी बुडवले. निघालो. गवसे मागं पडल्यावर रस्ता लांबलचक वाटायला लागला, आयोजकांनी त्या टप्प्यात पाण्याची सोय ठेवली नव्हती आणि माझ्या बाटलीत घोटभर उरलेलं. तहान मात्र लागलेली नव्हती. हे लक्षात ठेवा, वय वाढलं की तहानेची जाणीवच बोथट होते. शरीर सुकत असतं आणि आपण म्हणतो, मला काही पाणी नको. पुढच्या चढावर डोळ्यांसमोर करडं व्हायला लागलं. उतरलो, म्हणजे खरं तर सायकलसकट रस्त्याकडेच्या गवतात बसलो. त्याच मुलानं उचलून गाडीत घातलं.

आंबोलीत ओआरएस पिऊन माणसात आल्यावर पहिला फोन पुतण्याला. "अरे, अठरा किलोमीटर कमी भरले, तेवढे वजा कर." तो म्हणाला, "काका, पैसे परवाच भरलेत. तुम्ही पाणी प्या."

तेव्हापासून बोली बंद. देणगी जी काय असेल ती ठोक, आणि फेरी सुरू व्हायच्या आधी संस्थेच्या खात्यात. लोकांना सांगायचं, मी संकेश्वरला बसलो तरी पैसे परत मिळणार नाहीत. गंमत म्हणजे दुसऱ्या खेपेला असे पैसे जास्त जमले. तरुण पोरांचं ठीक आहे, त्यांनी किलोमीटरवर बोली घ्यावी, गोळे आले तर ती रात्रीत बरी होतात. आपल्या वयाला थांबायचं ते वेळेवर थांबता आलं पाहिजे, आणि खिशात दुसऱ्याची शर्त असली की ते जमत नाही.

पैशांचंच एक-दोन आणखी. पावती संस्थेच्या नावाची हवी, तुमच्या हाताची चिठ्ठी नको. करसवलत, म्हणजे ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती, दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही आणि नव्या कररचनेत असलेल्याला तर मुळीच नाही. हे आधी सांगून टाका, नाहीतर मार्चमध्ये शेजारी दारात उभा. आणि नाव नोंदणीची फी, टी-शर्ट, मुक्काम याचा खर्च देणगीतून होतो की वेगळा, हे आयोजकांना सरळ विचारा. चांगले आयोजक रागावत नाहीत.

आता रस्ता. बेळगाव उंचावर, साधारण साडेसातशे मीटर. पहाटे काकती मागं टाकून वंटमुरीचा घाट लागतो तो आपल्याला उताराचा. सगळे सुसाट सुटतात, त्यात म्हाताऱ्यालाही चेव येतो. येऊ देऊ नका. अंधार, शेजारून ट्रक, रस्त्यावर त्या खडखड पट्ट्या. हातातला हँडल सुटतो की काय असं होतं. तिथं कमावलेली दहा मिनिटं पुढं तासाभरानं फेडावी लागतात. हत्तरगी टोलनाक्याला बाजूच्या लेनमधून काढायची, तिथून संकेश्वरपर्यंत रस्ता बरा.

संकेश्वरला हमरस्ता सोडला की हिरण्यकेशी भेटते. ही नदी आंबोलीत उगम पावते आणि गडहिंग्लजवरून खाली येते. म्हणजे तुम्ही जवळजवळ तिच्या उलट, उगमाकडे चाललेले असता. डोळ्यांना रस्ता सपाट दिसतो, पण पाय सांगतात की काहीतरी गडबड आहे. ब्रेक घासतोय म्हणून मी पहिल्या वेळी दोनदा उतरून चाक फिरवून बघितलं. चाक ठीक होतं, नदी चढत होती. तेव्हा संकेश्वरनंतर वेग आपोआप कमी होईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आंबोलीच्या नावाला मात्र घाबरायचं कारण नाही. लोकांना वाटतं तो मोठा घाट चढायचाय. तो घाट पलीकडे सावंतवाडीच्या अंगाला. आजऱ्याकडून जाणारा वरच्या वरच पोचतो.

फेरी हिवाळ्यात असेल तर गळीत हंगाम चालू असणार. संकेश्वर, गडहिंग्लज, चंदगड, सगळा ऊसपट्टा. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं दिवा असेलच असं नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. ओव्हरटेक करताना पहिली ट्रॉली दिसते, दुसरी विसरते. सांडलेल्या उसावरून चाक गेलं तर साबणावरून गेल्यासारखं घसरतं.

दुसरा दिवस आखूड, सत्तरेक किलोमीटर, म्हणून सगळे निवांत असतात. माझ्या मते तोच अवघड. रात्रीत अंग उतरत नाही, ही आपल्या वयाची मुख्य अडचण. ताकद अजून असते. भरून यायला वेळ लागतो. त्यात आंबोलीहून बेळगाव म्हणजे पूर्वेला तोंड. हिवाळ्यात सकाळी वारा समोरून, आणि सूर्य थेट डोळ्यांत. तुम्हाला दिसत नाही हे एक, पण मागून येणाऱ्या गाडीवाल्यालाही तुम्ही दिसत नाही, हे जास्त वाईट. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर उजेड फुटून येतो. भडक रंगाचा जॅकेट, मागचा दिवा दिवसासुद्धा लुकलुकता, आणि जमलं तर सूर्य थोडा वर आल्यावर निघा. शिनोळी ओलांडून बाचीला आलात की पाट्यांवर कन्नड दिसायला लागतं. या फेरीत सीमा दोनदा ओलांडायची असते आणि दोन्हीकडे पाणी भरून देणारे लोक तसेच. संकेश्वरच्या अलीकडे एका आजीनं विचारलं होतं, "अज्जा, एल्लिगे होंटीरी?" म्हणजे आजोबा, कुठं निघालात? आंबोली म्हटल्यावर तिनं माझ्याकडे, मग सायकलकडे बघितलं आणि दोन केळी हातात ठेवली.

तयारीसाठी तीन महिने पुरतात, जर आज राकसकोप धरणापर्यंत जाऊन न थांबता परत येत असाल तर. आठवड्यात तीन-चार दिवस. बेळगाव-खानापूर-बेळगाव पन्नासेक किलोमीटर भरतं, रविवारसाठी बरं. चढाची सवय करायला येळ्ळूरचा राजहंसगड आहे, छोटा पण चांगला खडा. मी अर्ध्यात उतरून सायकल ढकलायचो, गडावर आलेली पोरं हसायची, हसू दे. आणि शेवटच्या महिन्यात निदान दोनदा शनिवारी साठ आणि लगेच रविवारी चाळीस किलोमीटर करा. एका दिवसात शंभर केल्यापेक्षा हे उपयोगी, कारण तुम्हाला शिकायचंय ते दुखऱ्या अंगानं पुन्हा सीटवर बसणं. फेरीआधीच्या आठवड्यात फारसं काही करू नका.

दम किती लागू द्यायचा? पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की हळू. मनगटावरच्या घड्याळात ठोके बघणारे असाल तर एक गोष्ट: २२० वजा वय हा आकडा सरासरीचा आहे, आणि रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले असतात. घड्याळ सांगेल सगळं आरामात चाललंय, आणि तुम्ही इकडे मरताय. डॉक्टरांना भेटा, टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय बघतात ती चाचणी, करून घ्या, गोळ्यांच्या वेळा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर हे आणखी महत्त्वाचं. मुलाला त्या दिवशी सोबत न्या. माझ्या घरी सूनबाईची समजूत माझ्या बोलण्यानं पटली नव्हती, ट्रेडमिलचा कागद बघून पटली.

खाणंपिणं: दर वीस मिनिटांनी दोन घोट, तहान असो नसो. एक लिटरचं ओआरएसचं पाकीट एक लिटरातच टाका, घट्ट करून पिऊ नका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट. सकाळी उप्पीट, वाटेत केळी, शेंगपोळी. महागड्या एनर्जी बारपेक्षा गोकाकचा करदंट मला केव्हाही चांगला: डिंक, गूळ, सुकामेवा, एक तुकडा अर्धा तास पुरतो. पण कवळी असेल तर चालत्या सायकलवर खाऊ नका, अनुभवानं सांगतोय. मधुमेहींनी हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

एक गोष्ट पुरुषमंडळी लिहीत नाहीत, मी लिहितो. साठीनंतर तासातासाला लघवीला थांबावं लागतं, आणि ते टाळायला माणूस पाणी पीत नाही. तोच घात. बिनधास्त थांबा. आणि सीटवर बसून तिथं बधिरपणा येत असेल तर सहन करण्यात शौर्य नाही. सीटचं नाक थोडं खाली करा, मधे खाच असलेली सीट बघा, दर दहा मिनिटांनी पॅडलवर उभे राहा. हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर हँडल वर घ्या, पकड बदलत राहा. टायर थोडे रुंद, पस्तीस मिलिमीटरच्या आसपास, आणि हवा दगडासारखी कडक नको.

ही फेरी म्हणजे बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला गाठायची सायकल फेरी, नव्हे, हे मुलालाही सांगा. तिथं दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात आणि ज्याचं त्यानं बघायचं असतं. इथं मागं गाडी आहे, मुक्काम आहे, वेळेचा धाक नाही. दुसऱ्या खेपेला मी आजऱ्यात तासभर एका दुकानाच्या बाकावर चक्क आडवा झालो, मग निघालो, आणि दिवेलागणीला आंबोलीत पोचलो. शेवटून दुसरा. शेवटचा होता तो तिशीतला, त्याची चेन तुटली होती.

तुमची सायकल कुठली ते लिहिलं नाहीत. मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे आणि पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दाते मोजून इथंच कळवा. मागचे अठ्ठावीसपेक्षा कमी असतील तर चढाला गियर जड पडेल, ती चकती बदलायला सायकल आत्ताच दुकानात टाका.