अर्थशास्त्र सोडून पॅरिसला?

प्रश्न : मुलगा अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पियानोच्या सहा परीक्षा झाल्यात. त्रिस्तां म्युराय या फ्रेंच रचनाकाराचं संगीत दिवसभर ऐकतो आणि म्हणतो, कॉलेज सोडून पॅरिसला जाणार, संगीतरचनाच करणार. काय करावं? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, म्युराय स्वतः अर्थशास्त्राचे पदवीधर आहेत, हे चिरंजीवांनी सांगितलं का? १९४७ साली ल आव्र बंदरात जन्मलेल्या या माणसाने अरबी भाषेचीही पदवी घेतली. १९६७ मध्ये ते पॅरिस कॉन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयात, रचनाकार ओलिव्हिए मेसियां यांच्या वर्गात दाखल झाले. हे मेसियां आपल्या रचनांत शार्ङ्गदेवाचे देशी ताल वापरत. आणि शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ यादवांच्या देवगिरीतला. म्हणजे घराणं अगदीच परकं नाही!

पुढे १९७१ पासून दोन वर्षं रोमच्या व्हिला मेदिचीत, म्हणजे फ्रेंच कलावंतांच्या तिथल्या निवासात, राहून काम. परतल्यावर, १९७३ मध्ये, मित्रांसोबत ‘लितिनेरेर’ हा वादकसंच काढला. आपलं नवं संगीत कोण वाजवणार, याची सोयही त्यांनीच केली. तानपुऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गंधार उमटतो ना? स्वराच्या पोटातल्या अशा उपस्वरांचं गणित मांडून त्यांनी ‘गोंडवाना’सारखी वाद्यवृंदरचना केली. सुरुवातीचे घंटेसारखे नाद हळूहळू पितळी वाद्यांच्या नादात विरघळतात.

पण पोट? ओंद मार्तनो हे विजेवरचं वाद्य ते मैफलींत वाजवत. पुढे पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत आणि १९९७ पासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवलं. रचना, वादन, अध्यापन असा तिहेरी संसार. नुसत्या रचनेवर घर चालेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पदवी घेतली की नोकरी पक्की, असंही नाही. तरी तिसरं वर्ष पुरं करू द्या. परदेशी अर्जाला पदवी कामीच येते.

या दीड वर्षात हार्मनी (स्वरमेळ), काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या सुरावटींची गुंफण) आणि फ्रेंच. तिन्ही रोज, पियानोच्या रियाजाइतकेच. प्रवेशाला चुरस असते, आणि तिथे परीक्षांच्या प्रमाणपत्रांपेक्षा स्वतःच्या रचना बघतात. एखाद्या व्हायोलिनवादक मित्राकडून त्याने आपली रचना वाजवून घ्यावी. कागदावर छान दिसणारं कानाला कसं लागतं, ते तेव्हाच कळतं.

त्याने आजवर स्वतः लिहून पुऱ्या केलेल्या रचना किती, ते तुमच्या पत्रात नाही. तेवढं कळवा.