घड्याळातल्या कॅलरीच्या भरवशावर जेवण वाढवू नका

भाऊ, तुमचा प्रश्न असा की घड्याळ रोज ६०० कॅलरी जळाल्या म्हणून दाखवतं, तुम्ही हिशेबानं तेवढंच जास्तीचं खाता, तरी दोन महिन्यांत वजन हललं नाही. मग तो आकडा खोटा आहे का?

खोटा नाही, पण तो अंदाज आहे. त्या अंदाजावर जेवण वाढवलं की वजन अडतंच. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात खेळ शिकवतो. पोलीस भरतीची पोरं पहाटे १६०० मीटरची तयारी करायला येतात, पोरी ८०० मीटरची. आता त्यांच्यासोबत वजन उतरवायला निघालेली मोठी माणसंही असतात, आणि बहुतेकांच्या मनगटावर घड्याळ असतं.

घड्याळाला कॅलरी दिसतच नाहीत. त्याला कळते हाताची हालचाल आणि नाडी. त्यात तुमचं वय, वजन, उंची घालून ते सूत्रानं आकडा काढतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं ६० जणांवर अशी सात यंत्रं तपासली होती, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सातांपैकी सहा यंत्रांची ठोके मोजण्यातली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के.

त्यात आपला उन्हाळा. पारा ४४-४५ वर गेला की अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावतं आणि तेवढ्याच चालीला ठोके वाढतात. घड्याळाला वाटतं माणूस जास्त राबतोय. "सर, घाम तर मरणाचा निघून राहिला," म्हणत काही पोट्टे जाकीट घालून पळतात. कृपा करून असं करू नका. घामानं उतरतं ते पाणी, गडवाभर प्यायलात की परत येतं, आणि ऊन लागून जीव धोक्यात येतो. उलट, डोक्यावरचा भारा दोन्ही हातांनी धरून शेतातून येणाऱ्या बाईचे हात हलत नाहीत, म्हणून तिची पावलंसुद्धा घड्याळ धड मोजत नाही.

आता खरा घोळ. ७० किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटरच्या चालीनं तासभर चालला तर साधारण २४५ कॅलरी खर्च होतात. पण त्यातल्या ७० तो ओट्यावर बसून राहिला असता तरी गेल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई उरते १७५. बरीच यंत्रं हे वजा न करता सगळा आकडा दाखवतात. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. चालून येताना टपरीवर आलूबोंडा आणि वर तर्री घेतली, तर त्या तासातलं किती उरलं ते तुम्हीच बघा.

शरीरही हिशेब जुळवत असतं. टांझानियातल्या हाडझा या शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांचा दिवसाचा कॅलरीचा खर्च हर्मन पाँट्झर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी मोजला. शरीराच्या आकारमानाचा फरक धरल्यावर तो शहरी अमेरिकन माणसाएवढाच निघाला. व्यायाम वाढला की शरीर दुसरीकडे काटकसर करतं असं पाँट्झर म्हणतात; किती करतं यावर अजून वाद आहे. माझ्या पाहण्यात तर पहाटे पळालेला माणूस दुपारी खाटेवरून उठत नाही.

तेव्हा व्यायामाच्या नावाचं जास्तीचं खाणं पूर्ण बंद करा. चालणं सोडू नका. साखर, रक्तदाब, झोप यांना त्याचा फायदा आहेच, आणि उतरलेलं वजन टिकवायलाही ते लागतं. घड्याळातला आकडा फक्त कालच्या स्वतःशी ताडून बघा. वजन सकाळी पोट साफ झाल्यावर, रोज एकाच काट्यावर करा आणि आठवड्याची सरासरी लिहा. बेंबीशी कमरेचा घेरही मोजा. चार आठवड्यांत सरासरी खाली आली नाही तर आधी तेल आणि चहातली साखर कमी करा, मग भात. वरण, अंडी, फल्ली यांना शेवटी हात लावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल तर जेवण घटवण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण औषध तेच ठेवून खाणं कमी केलं तर साखर एकदम उतरू शकते.