भाताचा उतारा कुठल्या शेतात मोजायचा?

प्रश्न: आमच्या शेतकरी गटाला खानापूर तालुक्यातल्या भाताचा सरासरी उतारा, म्हणजे हेक्टरी उत्पादन, काढायचा आहे. रस्त्यालगतच्या, ओळखीच्या शेतांत 1 बाय 1 मीटरचा तुकडा कापून वजन केले तर चालेल का?
– एक वाचक, नंदगड

उत्तर: नाही. रस्त्यालगतच्या शेतात खत, मळणीयंत्र सहज पोचते. तेवढीच शेते धरली तर आडरानातली खाचरे हिशेबातच येत नाहीत. आधी कणकुंबी-जांबोटीकडचा पावसाळी पट्टा आणि बिडी-इटगीकडचा पट्टा असे दोन गट करा. मग प्रत्येक गटातली गावे चिठ्ठ्या टाकून निवडा. एका गावात दहा शेते कापण्यापेक्षा पाच गावांत दोन-दोन कापलेली बरी, कारण एका गावचा पाऊस आणि जमीन बरीचशी सारखी असते.

गावात यंदा भात असलेल्या सर्व्हे नंबरांची यादी पहाणीवरून (पिकांच्या सरकारी नोंदीवरून) करा आणि गावात फिरून ताडून घ्या. यादीत 60 नंबर असतील तर 1 ते 30 मधली एक चिठ्ठी काढा. 17 आला तर सतरावे आणि सत्तेचाळिसावे शेत घ्यायचे. मालक नको म्हणाला तर शेजारच्या बांधावर जाऊ नका, राखीव नंबर आधीच काढलेले असावेत. कापणीची तारीखही आधी विचारा. तुम्ही पोचेपर्यंत हळवे (लवकर पिकणारे) भात कापून झालेले असेल तर हिशेबात फक्त गरवे (उशिरा पिकणारे) उरते.

तुकडा 5 बाय 5 मीटरचा घ्या. शेत 42 बाय 18 मीटर असेल तर लांबीसाठी 0 ते 37 आणि रुंदीसाठी 0 ते 13 मधला आकडा चिठ्ठीने काढा. नैर्ऋत्य कोपऱ्यापासून तेवढे मोजून खुंटी मारा. चौकोनाचा कर्ण 7.07 मीटर भरला पाहिजे, नाहीतर दोरी तिरकी आहे. दोरीवर आलेल्या चुडाचा (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडग्याचा) बुंधा निम्म्याहून जास्त आत असेल तरच तो कापा.

लहान तुकडा फसवतो तो इथेच. 1 मीटरच्या चौकोनात क्षेत्राच्या मानाने कडा पाचपट असते आणि कडेवरचे चूड हात नकळत आत ओढतो. साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात हेच दाखवून दिले होते: तुकडा लहान, तर उतारा फुगलेला.

मळून, वारवून आलेल्या भाताच्या वजनाला 400 ने गुणले की हेक्टरी उतारा मिळतो. काट्यात 100 ग्रॅमची चूक झाली तर हेक्टरी 40 किलोंचा फरक पडतो. ओलावाही मोजा: 22 टक्के ओलाव्याचे 12 किलो भात 14 टक्क्यांवर साधारण 10.9 किलो भरते.

शेवटी दोन गटांची नुसती सरासरी काढू नका. समजा, एका गटात 300 हेक्टर भात असून हेक्टरी 28 क्विंटल आणि दुसऱ्यात 700 हेक्टर असून हेक्टरी 36 क्विंटल उतारा आला, तर क्षेत्राप्रमाणे सरासरी 33.6 येते, 32 नव्हे.

प्रश्न: बेळगाव शहरातल्या सर्वेक्षणासाठी 10 टक्के घरे पुरतील का?

उत्तर: मोठ्या शहरात टक्केवारी पाहायची नसते. होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नाला, 95 टक्के खात्रीने, अधिक-उणे 5 टक्क्यांत उत्तर हवे असेल तर चिठ्ठीने निवडलेली 385 घरे पुरतात. चूक निम्मी करायची तर 1,537 लागतात. अख्ख्या गल्ल्या निवडल्या तर त्याहूनही जास्त.