ठेव मोडण्याआधी एकदा गच्चीवर जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर स्वतःचं, वर सपाट गच्ची. पाच किलोवॉटची सौर यंत्रणा बसवायची आहे. त्यासाठी आठ महिन्यांनी मुदत पूर्ण होणारी ठेव आत्ताच मोडावी का? विक्रेता म्हणतो, सहा वर्षांत पैसे वसूल. तुम्ही दोघंही नोकरी करता, निवृत्तीला चार वर्षं आहेत. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की गच्चीचा एक कोपरा पावसात पाझरतो, आणि पाण्याची टाकी नेमकी दक्षिणेला आहे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती हीच शेवटची ओळ.

विक्रेत्याने दिलेला आकडा पॅनेलचा आहे. निर्णय मात्र तुमच्या गच्चीवर ठरणार आहे. पॅनेलची क्षमता कारखान्यात मोजतात तेव्हा प्रति चौरस मीटर १००० वॉट प्रकाश आणि २५ अंश तापमान धरलेलं असतं. प्रत्यक्षात उन्हात पॅनेल ६० अंशांपर्यंतही तापतं आणि २५ अंशांपुढच्या प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. हे नुकसान सगळ्यांनाच सोसावं लागतं. सावलीचं नुकसान मात्र फक्त तुमचं.

पॅनेल एकामागे एक मालिकेत जोडलेली असतात आणि प्रत्येकात बहुधा तीन बायपास डायोड, म्हणजे सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणारे छोटे भाग. टाकीच्या सावलीची हातभर पट्टी एका पॅनेलच्या खालच्या रांगेवर पडली तरी त्याचा तिसरा भाग किंवा अख्खं पॅनेलच त्या वेळेपुरतं बाद होऊ शकतं. झाकलं किती, यावर नुकसान ठरत नाही. झाकलं कुठे, यावर ठरतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी खडू घेऊन वर जा आणि सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता टाकी, कठडा, जिन्याची खोली यांच्या सावल्यांच्या कडा आखा. शक्यतो हिवाळ्यात आखा, कारण तेव्हा सूर्य सर्वांत खाली असतो. २० अंश उत्तर अक्षांशावर २१ डिसेंबरच्या भर दुपारी वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी पडते, ४० अंशांवर दुप्पट. खडूच्या रेषांबाहेर मोकळी राहील ती तुमची खरी जागा. पाच किलोवॉटला नुसत्या पॅनेलांनाच सुमारे २५ चौरस मीटर लागतात. रांगांमधलं अंतर आणि धुण्यापुसण्यासाठी फिरायची वाट वेगळी.

आता हिशोब. एकूण खर्च १०० धरू. सहा वर्षांत वसुली म्हणजे वर्षाला साधारण १६.७ ची बचत. सावलीने १५ टक्के गेले तर उरले १४.२. तुम्ही दिवसभर घरी नसता, म्हणून निम्म्याहून जास्त वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात, जाणार. समजा ४० टक्के घरात वापरली आणि बाकीच्या विजेला निम्माच दर मिळाला, तर बचत ९.९ वर येते. खर्चात गळती काढायला १० घाला: ११० भागिले ९.९, म्हणजे अकरा वर्षं. ग्रिडला दिलेल्या युनिटांचा मोबदला पूर्ण दराने मिळत असेल तर हाच काळ पावणेआठ वर्षांवर येतो. एवढा फरक एका नियमाने पडतो, म्हणून तो नियम वीज कंपनीकडून लेखी घ्या. विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, बहुधा १० ते १५ वर्षांत बदलावा लागतो, तो खर्च वरच्या हिशोबात नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. दरवर्षी दहा वाचतात म्हणजे दहा टक्के व्याज मिळालं, असं मानू नका. ठेवीची मुद्दल परत येते, पॅनेलमध्ये घातलेली येत नाही. ती बचतीतूनच वसूल व्हायची असते.

माझं मत: यंत्रणा घ्या, पण ठेव मोडून नको. मुदतीआधी मोडलीत तर व्याज कापलं जाईल, आणि ते आठ महिने तुम्हाला तसेही लागणारच आहेत. आधी तो कोपरा दुरुस्त करून घ्या. पॅनेल २५ वर्षांसाठी बसतात. खालचा स्लॅब नंतर गळू लागला तर सगळं उतरवून पुन्हा चढवायची मजुरी तुमच्या गळ्यात. पॅनेल आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला १५ किलोच्या आसपास भार येतो, पण जुन्या स्लॅबला वाऱ्याचा झोत जास्त छळतो, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवाच. टाकी हलवता येते का, तेही त्याच फेरीत विचारा.

मोबदला निम्म्या दरानेच मिळणार असेल तर तीन किलोवॉटवर थांबा. किलोवॉटमागे खर्च थोडा जास्त पडेल, पण स्वस्तात बाहेर जाणारी वीज कमी होईल. निवृत्तीनंतर दिवसाचा वापर वाढला की पुढे भर घालता येईल. त्यासाठी जागा आणि इन्व्हर्टरची क्षमता आत्ताच राखून ठेवा. आणि वीज गेली की बॅटरीशिवायची ग्रिडला जोडलेली यंत्रणाही बंद पडते. दुरुस्तीला आलेल्या कामगाराला उलट प्रवाहाचा धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. लोडशेडिंगमधून सुटका हा तुमचा हेतू असेल तर मला तसं कळवा. बॅटरी धरून हिशोब पुन्हा मांडावा लागेल.