झाकलेल्या निबचे पेन

प्रश्न : आजोबांच्या सामानात मला ‘पार्कर ५१’ हे जुने फाउंटन पेन मिळाले. त्याच्या निबचे जेमतेम टोक बाहेर दिसते, बाकी सगळी निब आत दडलेली आहे. ती अशी का ठेवली असावी? ‘५१’ म्हणजे हे पेन १९५१ साली निघाले, असे समजायचे का?

उत्तर : नाही. पार्कर कंपनी १८८८ची, आणि या पेनाचा आराखडा सिद्ध झाला १९३९ साली, म्हणजे कंपनीच्या ५१व्या वर्षी. तोच आकडा नावाला चिकटला. अमेरिकेत हे पेन विक्रीस आले ते १९४१ साली.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शाईत आहे. कागदावर टेकताच वाळणारी, टीपकागदाची गरजच न ठेवणारी शाई कंपनीला हवी होती आणि तशी अतिशय अल्कधर्मी शाई तिने तयारही केली. पण कागदावर चटकन वाळणारी शाई उघड्या निबवरही तितक्याच चटकन वाळणार, हे उघड आहे. म्हणून निब नळीसारखी गोल करून पेनाच्या पुढच्या निमुळत्या आवरणाखाली घेतली आणि तिच्याभोवती कंगव्याच्या दातांसारख्या बारीक चकत्यांचा एक भाग बसवला. या चकत्यांमधल्या फटींत जादा शाई थोपून राहते, त्यामुळे निब ओली राहते आणि पेन एकाएकी ठिबकतही नाही. ही शाई त्या काळच्या सेल्युलॉइडच्या पेनांना खात असे, म्हणून अंग ल्युसाइटचे केले. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पारदर्शक छतांसाठी वापरले गेले ते याच जातीचे प्लास्टिक.

गंमत अशी की, जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती शाई टिकली नाही. ती इतकी जहाल होती की इतर पेनांत भरू नये, अशी सूचना द्यावी लागे, आणि कालांतराने ती बाजारातून गेली. आकार मात्र राहिला, आणि ज्यांनी ती शाई कधी वापरलीही नाही अशा कारखान्यांनी, विशेषतः चीनमधल्या, त्याची मनसोक्त नक्कल केली. माझ्या मते या पेनाचे रूप सुंदर आहे ते सजावटीमुळे नव्हे, तर ते गरजेपोटी घडल्यामुळे. अक्षरांना जाड-बारीक वळण देण्याची हौस असेल तर मात्र ही ताठ निब तुमची निराशा करील.

तुमचे पेन कोणत्या काळातले, हे मागचा भाग फिरवून पाहिल्यास कळेल. शेवटचे छोटे टोपण निघून आत दट्ट्या दिसला, तर पेन १९४८ पूर्वीचे असण्याची शक्यता मोठी. पूर्ण नळकांडे निघून आत धातूचे आवरण आणि त्यावर दाबायची पट्टी दिसली, तर ते नंतरचे. या दुसऱ्या प्रकारातली शाईची पिशवी रबराची नसून प्लास्टिकची असल्याने अनेक दशकांनंतरही ती बहुधा शाबूत असते. शाई भरण्यापूर्वी निबचा भाग रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. गरम पाणी वापरू नका, आणि निबवरचे ते निमुळते आवरण जोर लावून काढू नका, कारण ते लाखेने चिकटवलेले असते. पट्टी दाबून पाणी आत-बाहेर करा, आणि ते नितळ येऊ लागले की साधी फाउंटन पेनची शाई भरा.