वाचकांचे प्रश्न : जुन्या विमानप्रवासांची नोंदवही

प्रश्न : मी सरकारी सेवेतून निवृत्त झालो असून ठाण्यात नौपाडा येथे राहतो. १९८० च्या दशकापासून कार्यालयीन दौऱ्यांवर, रजा प्रवास सवलतीवर आणि अलीकडे मुलीकडे अमेरिकेला जाताना केलेल्या सर्व विमानप्रवासांची नोंदवही मी तयार करीत आहे. काही जुनी तिकिटे आणि सर्व पासपोर्ट जपून ठेवलेले आहेत. बाकीची भिस्त स्मरणावर आहे. फ्लाइट क्रमांक, विमानाचा प्रकार आणि त्या विमानाचा नोंदणी क्रमांक हे तपशील आता मिळू शकतील का?

उत्तर : मिळू शकतील, परंतु सर्व सारख्या खात्रीने नव्हे. तारीख आणि मार्ग बहुधा निश्चित करता येतात, फ्लाइट क्रमांक पुष्कळदा सापडतो, विमानाचा प्रकार तर्काने ठरवावा लागतो आणि नोंदणी क्रमांक हाती लागला तर ते नशीबच. म्हणून नोंदवहीत ‘आधार’ असा एक रकाना अवश्य ठेवावा आणि त्यात तिकीट, पासपोर्टवरील शिक्का, वेळापत्रक की केवळ आठवण, हे प्रत्येक प्रवासापुढे लिहावे. तर्काने भरलेली माहिती पेन्सिलीने लिहिलेली बरी.

आरंभ कागदी तिकिटांपासून करावा. लाल कार्बन लावलेल्या त्या जुन्या तिकिटावर प्रवासाचा दिवस आणि महिना असतो, वर्ष नसते. वर्ष तिकीट दिल्याच्या तारखेत सापडते. तिकीट डिसेंबरात काढलेले आणि प्रवास जानेवारीतला असेल, तर वर्ष एकाने पुढे न्यावे लागेल. कोपरा फाटून कंपनीचे नाव गेले असले, तरी तेरा आकडी तिकीट क्रमांकाचे पहिले तीन अंक कंपनी सांगतात : ०५८ म्हणजे इंडियन एअरलाइन्स, ०९८ म्हणजे एअर इंडिया, ५८९ म्हणजे जेट एअरवेज. सहा अक्षरांचा पीएनआर मात्र काही काळाने पुन्हा दुसऱ्या प्रवाशाला दिला जातो, त्यामुळे जुना पीएनआर घेऊन आज चौकशी करण्यात अर्थ नाही.

ज्या दौऱ्यांची तिकिटे उरलेली नाहीत, त्यांच्यासाठी प्रवास भत्त्याच्या बिलांच्या आणि रजा प्रवास सवलतीच्या दाव्यांच्या घरी ठेवलेल्या प्रती पाहाव्यात. या बिलांत सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ लिहिण्याची पद्धत असल्याने फ्लाइट क्रमांक नसला तरी वेळापत्रकाशी पडताळा घेता येतो. कंपनी ठरवणे तर सोपेच आहे. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणापासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत देशांतर्गत नियमित सेवा जवळजवळ सर्वस्वी इंडियन एअरलाइन्सची होती. अपवाद १९८१ मध्ये सुरू झालेल्या आणि लहान गावांना जोडणाऱ्या वायुदूतचा, तसेच एअर इंडियाच्या परदेशी फेऱ्यांच्या काही देशांतर्गत टप्प्यांचा. त्यानंतर मात्र ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट, सहारा अशी नावे आली, त्यामुळे १९९२ नंतरच्या खासगी प्रवासांत केवळ आठवणीवर विसंबू नये.

विमानाच्या प्रकारासाठी विमान कंपन्यांची छापील वेळापत्रके सर्वांत उपयोगी पडतात. संग्राहकांनी त्यांतील पुष्कळ स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत. त्यांत प्रत्येक फेरीपुढे विमानाचा प्रकार आणि आठवड्याचे वार अंकांत दिलेले असतात. १ म्हणजे सोमवार. तरीही वेळापत्रक हा कंपनीचा केवळ बेत असतो. इंडियन एअरलाइन्सकडे एअरबस ए-३०० विमाने १९७६ पासून होती आणि ए-३२० विमाने १९८९ मध्ये दाखल झाली. परंतु १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून गेलेल्या विमानाला बंगळूर येथे अपघात झाल्यानंतर तिची सर्व ए-३२० विमाने काही महिने जमिनीवरच उभी होती. त्या काळातील आपल्या एखाद्या दौऱ्यापुढे वेळापत्रक पाहून ए-३२० लिहिले असेल, तर ते खोडावे. १९९२-९३ च्या हिवाळ्यात वैमानिकांच्या संपामुळे याच कंपनीने तुपोलेव्ह-१५४ विमाने भाड्याने घेऊन चालवली होती, तेव्हा त्या हंगामातील नोंदीही तपासून घ्याव्यात.

पासपोर्टवरील शिक्क्याच्या बाबतीत एक गोष्ट फसवी आहे. मुंबईहून परदेशी जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि प्रवासी इमिग्रेशनच्या खिडकीपुढे रात्री अकरालाच उभा राहिलेला असतो. अशा वेळी शिक्का आदल्या दिवसाचा आणि उड्डाण दुसऱ्या दिवसाचे असते. अमेरिकेतील ये-जा तेथील आय-९४ (परदेशी प्रवाशांच्या आगमन-निर्गमनाची नोंद) च्या सरकारी संकेतस्थळावर मागील दहा वर्षांपर्यंत पाहता येते, त्या तारखांशी ताडून पाहावे.

नोंदणी क्रमांकासाठी आधी छायाचित्रांचा अल्बम काढावा. भारतीय विमानांवर ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरे मागच्या बाजूला, शेपटीच्या अलीकडे असतात, तर पुढच्या चाकाच्या झडपेवर पुष्कळदा शेवटची दोन-तीन अक्षरे रंगवलेली असतात. विमानासमोर काढलेल्या कौटुंबिक फोटोत ती दिसली, तर त्यावरून विमानाचा प्रकार आणि त्याचे वयही शोधता येते. विमानांचा मागोवा ठेवणाऱ्या फ्लाइटरडार२४ सारख्या इंटरनेट सेवा गेल्या काही वर्षांतील प्रवासांनाच लागू पडतात आणि त्यांत विनामूल्य पाहता येणाऱ्या मागील नोंदींची मुदत थोडीच असते. म्हणून पुढचे प्रवास घरी परतल्याबरोबर नोंदवावेत, आणि तेही वहीत. प्रवासनोंदीचे ‘ॲप इन द एअर’ हे लोकप्रिय ॲप २०२४ मध्ये बंदच झाले.

प्रश्न : माझ्या बोर्डिंग पासवरील अक्षरे पुसट होत आहेत आणि बहुतेकांवर वर्ष छापलेले नाही. काय करावे? (नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : पास उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेले असावेत. ते आजच स्कॅन करावेत. लॅमिनेशन मात्र करू नये, कारण त्या उष्णतेने कागद काळा पडतो. चौकोनी बारकोड शाबूत असेल, तर मोबाइलवरील साध्या स्कॅनरने तो वाचता येतो. त्यातून इंग्रजी एम अक्षराने सुरू होणारी एक ओळ मिळते, आणि तीत आपले नाव, पीएनआर, दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी संकेत, फ्लाइट क्रमांक, आसन आणि तीन अंकी दिवस क्रमांक असतो. हा क्रमांक १ जानेवारीपासून मोजलेला असतो. वर्ष तेथेही नसते, परंतु ते शोधण्याची एक वाट निघते. समजा, पासवर ४ मे छापले आहे आणि बारकोडमध्ये १२५ आहे. साध्या वर्षात ४ मे हा १२४ वा दिवस असतो, म्हणजे ते वर्ष लीप असले पाहिजे. त्यातील २०२० वगळावे, कारण त्या वर्षी २५ मार्चपासून २४ मेपर्यंत देशांतर्गत प्रवासी उड्डाणे बंद होती. पास जेट एअरवेजचा असेल, तर २०२४ ही बाद होते, कारण तिची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये थांबली. मग २०१२ की २०१६ एवढेच उरते, आणि ते बँकेच्या जुन्या पासबुकावरून किंवा ईमेलवरून ठरवता येईल. असे पास समाजमाध्यमांवर टाकताना बारकोड झाकावा.

प्रश्न : विमानतळ बदलले, तर नोंद कशी करावी? (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : संकेतासोबत विमानतळाचे नावही लिहावे. बंगळूरचा बीएलआर हा संकेत मे २००८ मध्ये एचएएल विमानतळाकडून देवनहळ्ळीकडे गेला आणि हैदराबादचा एचवायडी त्याच वर्षी मार्चमध्ये बेगमपेटहून शमशाबादला, त्यामुळे केवळ संकेतावरून अंतर काढल्यास जुने प्रवास चुकतात. गोव्यात उलट आहे : दाभोळीचा जीओआय कायम राहिला आणि मोपाला जीओएक्स मिळाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाचा संकेतही एनएमआय असा स्वतंत्र आहे, तेव्हा तेथील प्रवास मुंबईच्या बीओएममध्ये मिळवू नयेत.