मराठवाड्यात तणशास्त्राची शास्त्रीय संस्था काढली तर ती चालेल का?

तुम्ही लिहिलंय की लातूर, नांदेड आणि परभणीकडचे काही प्राध्यापक, कृषी पदवीधर आणि कृषी सेवा केंद्रवाले मिळून तणशास्त्राची संस्था नोंदवायच्या विचारात आहात. पहिल्या वर्षीच संशोधन पत्रिका काढायची आणि परिषद भरवायची, असा बेत आहे. मी परभणीत कृषिविद्या शिकवतो आणि शेतीशास्त्राच्या एका संस्थेचं सचिवपद सांभाळलेलं आहे. त्या भरवशावर सांगतो, संस्था जरूर काढा, ती चालेलही. पत्रिका आणि परिषद मात्र तूर्त बाजूला ठेवा.

पत्रिकेचं आधी सांगतो, परिषदेचं पुढे पैशाच्या मुद्द्यात येईल. देशपातळीवर भारतीय तणशास्त्र संस्था १९६८ पासून आहे आणि तिची इंग्रजी पत्रिका १९६९ पासून निघते. तणविषयक चांगला शोधनिबंध लिहिणारा तिथेच पाठवणार, कारण प्राध्यापकाच्या बढतीत राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचं, पत्रिकांना दिलेल्या गुणांकनाचं, म्हणजे आपण ज्याला 'नास रेटिंग' म्हणतो त्याचं वजन असतं. नव्या पत्रिकेला ते रेटिंग नसतं, म्हणून चांगले निबंध येत नाहीत, आणि चांगले निबंध नाहीत म्हणून रेटिंग मिळत नाही. या फेऱ्यात अडकलेला संपादक शेवटी पैसे घेऊन काहीही छापायला लागतो. शिवाय निबंध तपासणारे लागतात. एखाद्या निबंधात तणांचं कोरडं वजन कसं घेतलं, तणयुक्त आणि तणमुक्त असे दोन्ही तुलनेचे वाफे ठेवले होते का, हे बारकाईनं बघणारी माणसं मराठवाड्यात आहेत. पण ती मोजकी आहेत आणि आधीच कामानं वाकलेली आहेत. त्यांचा वेळ पत्रिकेत घालवू नका.

मग संस्थेनं करायचं काय? मराठवाड्याला ज्याची गरज आहे आणि जे फारसं कुणी करत नाही, ते करायचं. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या शेतांवरच्या दीड हजारांवर चाचण्यांच्या आधारे तणांमुळे होणारं नुकसान काढलं, ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. सोयाबीनचं उत्पादन तणांमुळे सुमारे ३१ टक्के घटतं आणि ज्वारीचं सुमारे २५ टक्के, असे ते आकडे आहेत. ही दोन्ही आपली पिकं. पण हे आकडे देशाचे आहेत. उदगीरच्या सोयाबीनमध्ये या वर्षी कोणतं तण वाढतंय, वसमतच्या हळदीत काय माजलंय, अंबाजोगाईकडच्या माळावरच्या आणि गोदाकाठच्या काळ्या रानातल्या तणांत फरक काय, याची दरवर्षीची सलग नोंद एका जागी ठेवायला हवी. विद्यापीठाचे प्रयोग प्रक्षेत्रावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या शेतावर होतात आणि ते ठराविक वर्षांत संपतात. पंचवीस-तीस तालुक्यांत विखुरलेले सभासद ज्या संस्थेत आहेत, तीच ही नोंद वर्षानुवर्षं ठेवू शकते.

पद्धत साधी आहे. अर्धा मीटर लांब-रुंद लोखंडी किंवा लाकडी चौकट करून घ्यायची. ती शेतात चार-पाच ठिकाणी न निवडता टाकायची, आतली तणं जातीनुसार मोजायची, उपटून वाळवून वजन करायचं. पेरणीनंतर साधारण वीस दिवसांनी एकदा आणि पंचेचाळीस दिवसांनी एकदा. त्या शेतात कोणतं तणनाशक, कधी, किती पाण्यातून मारलं, हे शेतकऱ्याला विचारून लिहायचं. सगळ्यांनी एकच नमुना वापरायचा. एवढं पाच वर्षं चाललं तर तुमच्या हातात जे असेल, ते आज कुठल्याही कार्यालयात मिळणार नाही.

याची निकड का आहे ते सांगतो. सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर हे तणनाशक आपण वर्षानुवर्षं वापरतो आहोत, एकरी ४०० मिली, तणं दोन-चार पानांवर असताना. औषध चांगलंच आहे. पण एकाच पद्धतीनं मारणारं रसायन त्याच शेतात दरवर्षी पडत राहिलं की त्याला न जुमानणारी रोपं तेवढी उरतात, त्यांचंच बी पडतं. हरियाणात गव्हातल्या गुल्ली दंडा या तणानं आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देणं बंद केलं, ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उघड झालं. तोवर शेतकरी आधी मात्रा वाढवत होते, मग औषध भेसळीचं आहे म्हणून दुकानदाराशी भांडत होते, आणि शेवटी काहींनी उभा गहू जनावरांना घातला. मराठवाड्यात आज 'औषधानं रिझल्ट दिला नाही' अशी तक्रार आली की ते औषध खोटं होतं, पाणी कमी पडलं, तणं मोठी झाली होती, की खरोखरच प्रतिकार आलाय, हे ठरवायला आधार हवा. तुमच्याकडच्या नोंदी तो आधार देतील. चिमणचारा, दुधी, केना, कुर्डू, यातलं कोण हळूहळू वर चढतंय ते त्या नोंदींतच दिसेल.

केन्याचं उदाहरण मुद्दाम घेतो. तो जमिनीवर फुलतो तसाच जमिनीखालीही फुलतो आणि तिथेही बी धरतो. खुरपणीत तुटलेली कांडी ओल्या रानात पुन्हा मूळ धरते. ग्लायफोसेट या बहुतेक सगळी झाडं मारणाऱ्या तणनाशकानंही तो सहजासहजी जात नाही. खुरपून बांधावर न टाकता तिथेच सरीत टाकला तर पुढच्या पावसात पुन्हा उभा. हे खुरपणाऱ्या बायांना पक्कं माहीत असतं. तणांच्या सवयी त्यांच्याइतक्या जवळून कुणी पाहिलेल्या नाहीत, म्हणून नोंदीच्या वेळी त्यांच्याशी बोलायचा नियमच करा. तणनाशक आलं तसं खुरपणीचं काम कमी झालं, म्हणजे त्यांची पावसाळ्यातली मजुरी गेली. दुसरीकडे ऐन वेळी मजूर मिळत नाहीत म्हणून शेतकरी फवारतो. तणशास्त्राच्या संस्थेनं या दोन्ही गोष्टी लिहून ठेवायला हव्यात. फक्त औषधांचे निकाल लिहिले तर चित्र अर्धंच राहील.

दुसरं काम ओळखीचं. आपल्या बहुतेक चित्रपुस्तिकांत तणं फुलावर आलेली दिसतात. फवारणीचा निर्णय मात्र रोप दोन पानांवर असताना घ्यायचा असतो, आणि त्या वयात माठ कोणता नि कुर्डू कोणता हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. मराठवाड्यातल्या चाळीस-पन्नास तणांचे रोपावस्थेतले फोटो, जिल्ह्यातलं चालू नाव आणि शास्त्रीय नाव, असा एक मराठी संच करा. काळ्या रानातला कुंदा, ज्वारीतला टारफुला, लव्हाळा, हरळी, गाजर गवत, पेटारी हे तर हवेतच. पत्रिकेपेक्षा या संचानं संस्थेचं नाव लवकर होईल.

आता पैसा, आणि इथे माझं मत ठाम आहे. तणशास्त्राच्या संस्थेकडे पहिला देणगीदार चालत येतो तो तणनाशकाची कंपनी. आम्ही एक मेळावा घेत होतो, तेव्हा एका कंपनीनं मंडप आणि जेवणाचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. बदल्यात तांत्रिक सत्रातला एक वक्ता त्यांचा आणि त्यांच्या उत्पादनाची तुलना दुसऱ्याशी करायची नाही, एवढंच हवं होतं. आम्ही नाही म्हटलं आणि मेळावा कॉलेजच्या सभागृहात, चहा-पोह्यांवर झाला. कंपन्यांशी वैर धरू नका. जगभरच्या तणशास्त्र संस्थांत कंपन्यांचे शास्त्रज्ञ सभासद असतात आणि त्यांचं ज्ञान कामाचं असतं. पण घटनेतच लिहून ठेवा: प्रायोजकाला दालन मिळेल, सत्र मिळणार नाही, कंपनीनं दिलेल्या चाचणीचा निकाल चांगला असो की वाईट, संस्था तो छापेल, आणि पदाधिकाऱ्यानं कोणाकडून मानधन किंवा प्रवासखर्च घेतला असेल तर तो वार्षिक सभेत सांगेल. उद्या एखाद्या गावात शेजारच्या शेतात मारलेल्या २,४-डी या तणनाशकानं कापूस आखडला, पानं अरुंद, बोटांसारखी झाली आणि शेतकरी तुमच्याकडे आला, तर तुमचा शब्द दोन्ही बाजूंनी मानला गेला पाहिजे. ज्या संस्थेचा मंडप कंपनीनं घातला, तिचा शब्द मानला जात नाही.

म्हणून खर्च वर्गणीत बसेल एवढाच ठेवा. आजीव सभासदांची वर्गणी बँकेत मुदत ठेवीत घाला आणि फक्त व्याज वापरा. अनेक संस्थांनी आजीव वर्गणी पहिल्या परिषदेत उडवली. पुढची तीस वर्षं त्या सभासदांसाठी लागणारा पैसा कुठून आणणार? जबलपूरच्या संचालनालयाकडून, विद्यापीठाकडून, कृषी विज्ञान केंद्राकडून प्रशिक्षणासाठी जागा आणि तज्ज्ञ मिळू शकतात, ते जरूर मागा. ऑगस्टमध्ये १६ ते २२ तारखेला गाजर गवत जागृती सप्ताह असतो, तो कमी खर्चात शाळांमधून घेता येतो. त्या वेळी गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगेही रानात सापडतात, ते मुलांना दाखवता येतात.

कृषी सेवा केंद्रवाल्यांना घ्यावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही. पण तुमच्या यादीत ते आहेत म्हणून लिहितो. जरूर घ्या. शेतकऱ्याला तणनाशकाचा सल्ला प्रत्यक्षात त्यांच्याच काउंटरवर मिळतो, आणि आता त्यांच्यातले बरेच पदवीधर किंवा 'देसी' ही कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठीची पदविका घेतलेले आहेत. लेबल क्लेम, म्हणजे औषध कोणत्या पिकासाठी मंजूर आहे ते, कसं बघायचं, कीटकनाशकाचा पंप नि नोझल तणनाशकाला का वापरू नये, ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंधांची अधिसूचना काढली, यावर त्यांच्यासाठी मे महिन्यात एक दिवसाचा वर्ग घेतलात तर शंभर शेतकरी मेळाव्यांपेक्षा जास्त उपयोग होईल. संस्थेनं काय जाहीर करायचं यावर मतदानाचा हक्क मात्र विक्री न करणाऱ्या सभासदांकडेच ठेवा. हे त्यांना तोंडावर सांगा. समजूतदार माणसं आहेत, वाईट वाटून घेत नाहीत.

शिफारशीचंही एक. नवीन शिफारस राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त ॲग्रेस्कोत, म्हणजे संशोधन समितीच्या बैठकीत मंजूर होते आणि औषधाची नोंदणी केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे होते. संस्थेनं स्वतःच्या मात्रा जाहीर करायच्या नाहीत. निरीक्षणं जाहीर करायची आणि ती विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांपुढे ठेवायची.

नोंदणी अवघड नाही. किमान सात जण, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, आणि महाराष्ट्रात सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही. दरवर्षी हिशेब तपासून घ्या. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. तो राहिला की दोन कार्यकारिण्या तयार होतात आणि बँक खातं गोठतं. चांगल्या संस्था इथेच बंद पडल्या आहेत.

अध्यक्ष मोठ्या नावाचा असला तरी चालेल, सचिव मात्र तालुक्याला राहणारा, फोन उचलणारा बघा. अध्यक्ष आणि सचिवाला सलग दोनच कार्यकाळ, हे कलम घाला. घटनेचा मसुदा झाला की त्यातलं हे कलम आणि प्रायोजकत्वाचं कलम इथे टाका, मी वाचून सांगतो. चौकटीच्या नोंदीचा आम्ही वापरत असलेला तक्ता मराठीत आहे, तोही देईन. तुमचे सभासद यंदाच्या मृगाच्या पेरणीपासूनच तो भरायला लागले तर नोंदणीचं प्रमाणपत्र येईपर्यंत पहिल्या हंगामाच्या नोंदी तुमच्याकडे असतील.